भट्टीवरची हाक

१

सकाळचं दूध आटवून झालं, खवा भरून गाडी धाराशिवला गेली, की मी भट्टीच्या शेजारच्या खोलीत चटई टाकून आडवी होते. संध्याकाळचं दूध यायच्या आत डोळा लागला तर लागला. आमच्या ईट गावात आता बऱ्याच जणांनी मोटारीवर फिरणारी कढई घेतली आहे. आमच्याकडं अजून लाकडाचा जाळ आणि माणसाचा हात. मशीनच्या खव्याला चव नसते, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

ह्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. कढई जाळावर असताना उलथनं सोडायचं नाही. तहान लागो, फोन वाजो, दारात पाव्हणा येवो, दुसऱ्यानं दांडा धरल्याशिवाय पहिल्यानं हात काढायचा नाही. नाहीतर बुडाला लागलंच म्हणून समजा. माझ्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, मला हे पाठीत धपाटा घालून शिकवलं. त्या आता तामलवाडीला धाकट्या दिरांकडं असतात.

तर एका दुपारी मी झोपेत दूध हलवत होते. जागेपणी राबायचं तेच झोपेतही राबायचं, म्हणजे नशीबच म्हणायचं. हलवता हलवता माझ्या लक्षात आलं की वास येत नाही. आमच्या केसांना, पदराला, उशीला दुधाचा वास असतो. तो सुटतच नाही. तिथं काहीच नव्हतं. मी कढईत हात घातला. दूध खदखदत होतं, पण हाताला ना ऊन लागलं ना गार. तेव्हा कळलं, बाई शिवकन्या, हे स्वप्न आहे, आणि तू त्यात जागी आहेस.

दुसरं कुणी असतं तर उडालं असतं, विमानात बसलं असतं. मी खाट मागवली. इथं खाट ये म्हटलं आणि आली. तिच्यावर मांडी घालून बसले आणि सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, मुकाट्यानं दांडा धरला आणि हलवायला लागल्या. मी खाटेवरनं सांगत होते, जरा जोर लावा, बुडापासनं हलवा. इतकं सुख मला माहेरीसुद्धा झालं नव्हतं. झोपेत मी हसत होते, असं सुनेनं नंतर सांगितलं.

२

माझी सून निवेदिता धाराशिवच्या कॉलेजात शिकलेली. तिला हे सांगितल्यावर तिनं फोनवर शोधलं. म्हणाली, आत्या, लोक हे मुद्दाम शिकतात. स्वप्नात आहोत की जागे आहोत हे ओळखायची सवय लागावी म्हणून दिवसभर आपली बोटं तपासतात, घड्याळाकडं पुन्हा पुन्हा बघतात. मी म्हटलं, मला नाक पुरे. ती म्हणाली, तुम्ही तर उस्ताद निघालात. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पोरगी चांगली. तिची एकच गोष्ट मला खटकायची. माझ्या मुलाला, दिग्विजयला, ती नावानं हाक मारायची. अंगणात उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. मी बोलले की विचारायची, मग तुम्ही मामांना कशी हाक मारायचात? तिचे मामा म्हणजे माझे मालक. मी सांगायची, दिग्विजय म्हणूनच. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पोरगा झाला की त्याचं नाव घेऊन ओरडायचं आणि नवऱ्यानं समजायचं. मी बांधावर उभी राहून दिग्विजय म्हणून हाक मारली की मळ्यातून हे ‘आलो, आलो’ करत यायचे, आणि दिग्विजय आपला पाळण्यात झोपलेला. निवेदिता पोट धरून हसायची. मीही हसायची.

दुपारचा माझा कारभार चालूच होता. नणंदेला बोलवून झालं, गुरांच्या डॉक्टरला बोलवून झालं. काही माणसं हाकेसरशी यायची, काही कितीही ओरडलं तरी यायची नाहीत. अशांचा मला राग यायचा. सासूबाई मात्र कधी चुकल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला दुपारी दुसरं काम काय, जेवलं की आडवं व्हायचं.

एका संध्याकाळी त्यांचा तामलवाडीहून फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाल्या, "शिवकन्या, उजवा दंड लई दुखतोय बघ. दुपारी जरा टेकलं की कुणीतरी हाक मारतंय अन् कढईवर बसवतंय. आता वय झालं माझं. सोडा म्हणावं."

माझ्या हातातला फोन गार पडला असं वाटलं. मग मी स्वतःला समजावलं. बाईचा जन्म भट्टीवर गेला, तिला स्वप्नात भट्टी नाही दिसायची तर काय दिसायचं? दंड तर ह्या वयात सगळ्यांचेच दुखतात. हे सगळं पटलं मला. तरी त्या दिवसापासून मी सासूबाईंना बोलवायचं बंद केलं.

३

दिग्विजयच्या लग्नाच्या आदल्या वर्षी मालक विहिरीवरची मोटार चालू करायला गेले आणि पेटीचा शॉक बसला. घरी आणलं तेव्हा चेहरा झोपल्यासारखा होता. फक्त उजवा तळहात काळा पडला होता. तो मी बघितला आणि पदरानं झाकला.

त्यांना बोलवायचं धाडस मी बरेच दिवस केलं नाही. सासूबाईंना राबवणं वेगळं, त्या जित्या आहेत. पण हातात असं काही आल्यावर माणूस किती दिवस कळ काढणार? एका दुपारी खाटेवर बसल्या बसल्या माझ्या तोंडून हाक गेली. जन्मभर जशी गेली तशीच गेली. दिग्विजय, ए दिग्विजय.

वाफेतून माणूस आला. माझ्याकडं पाठ करून कढईसमोर बसला, एक गुडघा वर घेऊन. पांढरा सदरा, तेच रुंद खांदे. दांडा धरला आणि हलवायला लागला. मी तोंडाला पदर लावून रडले. अहो, म्हटलं, वळा की जरा इकडं. वळले नाहीत. तशीही त्यांना कामात बोललेलं आवडायचं नाही.

आणि मला वास आला. दुधाचा नव्हे. गोडसर, दुकानातल्यासारखा. माझ्या स्वप्नात आजवर कधी वास आला नव्हता, आणि आता नाकात भरून राहिला. हे तर जन्मभर तंबाखू मळणारे. म्हटलं, वर गेल्यावर माणूस सुधारतो म्हणायचं.

४

मग रोज दुपारी तेच. मी लवकर लवकर काम उरकायची. मी खाटेवर, ते कढईवर. मी त्यांना सगळं सांगायची. अहो, सून चांगली मिळाली. अहो, गाय व्याली. अहो, तुमच्याशिवाय घर खायला उठतं. ते बोलायचे नाहीत, पण दांड्याचा खरखर आवाज यायचा, आणि तेवढा मला पुरत होता. मी खूष होते. गेल्या दोन वर्षांत नव्हते एवढी खूष होते.

घरात मात्र दिग्विजयची तब्येत उतरायला लागली. पूर्वी हा पोरगा दुपारी कधी टेकायचा नाही. आता धाराशिवहून आला की ओसरीवर पोत्यांना टेकून गाढ झोपायचा, आणि उठायचा तो झोपण्याआधीपेक्षा थकलेला. दुधाचा कॅन उचलताना उजवा दंड दुखतो म्हणायचा. भूमला डॉक्टरला दाखवलं, रक्त तपासलं, सगळं ठीक. डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं. निवेदिता काळजीनं अर्धी झाली. मी म्हणायची, हल्लीची पोरं, रात्री फोन बघत बसतात, दुसरं काय.

एकदा मी झोपेतून उठून ओसरीवर आले तर हा तसाच झोपलेला. सदऱ्याला घाम आलेला. माशा बसत होत्या म्हणून अंगावर चादर घालायला वाकले आणि तो वास आला. गोडसर. आंघोळ झाल्यावर हा अंगावर फवारा मारतो, त्याचा.

मी चादर धरून तशीच उभी राहिले. मग डोकं चालवलं. खोलीची खिडकी ओसरीकडं उघडते. हा बाहेर झोपतो, मी आत झोपते, वारा आला की वास आत येणार. झोपेतही नाक चालूच असतं. कितीदा तरी हे मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी खिडकी लावून झोपले. वास आलाच.

५

दिग्विजय स्वतःच बोलला. सकाळी भट्टी पेटवताना, निवेदिता आत असताना.

"आई, तू दुपारी मला हाक मारतीस का?"

मी म्हटलं, मी तर झोपलेली असते. तो लाकडं सारत राहिला. म्हणाला, "झोपंतच ऐकू येती. तुझाच आवाज असतोय. मी येतो अन् कढई हलवत बसतो. तू मागं खाटेवर असतीस."

खाटेचं मी निवेदिताला सांगितलं होतं. तिनं त्याला सांगितलं असेल, त्याच्या डोक्यात बसलं असेल. हे मी बोलणारच होते.

"तू मला अहो म्हणतीस, आई."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मला लाजही वाटली आणि भीतीही वाटली, आधी कशाला तोंड देऊ ते कळेना. पोटच्या पोराशी मी काय काय बोलले होते. तोंडातून निघालं ते भलतंच, "मग तू वळत का न्हाइस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. आता दोघांनाही समजलं होतं.

"मान वळत न्हाय. अन् समोरनं नजर काढायचं भ्या वाटतंय. त्यो माणूस बसलेला असतोय ना."

"कुठला माणूस?"

"कढईच्या पलीकडं, वाफंत. तुला दिसत न्हाय व्हय? पहिल्यांदा लई लांब होता. आता पार काठाला आलाय. काय करत न्हाय, बोलत न्हाय. नुसता हात पुढं करून बसतोय. दांडा मागितल्यासारखा."

कुठला हात, मी विचारलं. तो म्हणाला, उजवा. तळहात कसा होता ते मी विचारलं नाही. भट्टी पेटवायला ओढलेली काडी त्याच्या बोटापर्यंत जळत आली होती, ती मी फुंकर मारून विझवली.

६

मी झोपायचं सोडलं. दुपारी भांडी घासली, गोठा झाडला, उन्हात बसून शेंगा फोडल्या. दिग्विजयलाही दुपारी काही ना काही कामाला बाहेर पाठवलं. चार दिवस बरे गेले. त्याच्या तोंडावर जरा रंग आला.

मग नवरात्र तोंडावर आलं. तुळजापूरच्या पेढेवाल्यांची मागणी वाढली आणि दुपारीही कढई चढवावी लागली. तिघंही पहाटेपासून उभे. दिग्विजय दांड्यावर, निवेदिता जाळ बघत, मी दूध गाळत. गाळून झालं आणि मी भिंतीला पाठ टेकली. झोपायचं म्हणून नव्हे, कंबर मोडली होती म्हणून.

वास गेला. मी खाटेवर होते.

मी हाक मारली नव्हती. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं नव्हतं. तरी तो समोर बसलेला होता, आणि आता मला त्याची मान दिसली. लहानपणी चुलीवर पडला होता त्याची खूण, कानामागं. इतके दिवस ती तिथं नव्हती का? की मलाच बघायची नव्हती?

"दिग्विजय, ऊठ," म्हटलं. "घरी जा बाळा."

तो पाठमोराच म्हणाला, "आई, कढई चढलीय. दांडा कोण धरंल?"

मी धरते म्हणून मी उठायला गेले. उठता येईना. पाय होते, हात होते, पण खाट सोडता येईना. मी जा म्हटलं तरी ती खाट जाईना. मीच मागवलेली खाट. मला रडू फुटलं. इतके दिवस सगळ्यांना कामाला लावून मी तिच्यावर बसले होते आणि माझ्या पोराच्या हातातला दांडा घ्यायला मला दोन पावलं टाकता येत नव्हती.

मग मला सुचलं ते असं. ज्याला बोलवायचं होतं त्याला मी कधी बोलवलंच नव्हतं. दुसऱ्याचंच नाव घेत राहिले, म्हणून दुसराच आला. आता ज्याचं काम त्याला बोलवावं. ते येतील, दांडा धरतील, पोरगा सुटेल. बाप आहेत ते त्याचे, काही परके नाहीत.

आणि मी नाव घेतलं. रामकिसन. मोठ्यानं, अंगणात उभी राहून निवेदिता मारते तशी हाक मारली.

वाफ हलली. पलीकडं कुणीतरी उठलं. मला चेहरा दिसला नाही, दिसला असता तर बरं झालं असतं असंही नाही. एक हात तेवढा कढईवरून पुढं आला. तळहात काळा होता. मी म्हटलं, अहो, धरा दांडा, पोराला सोडा.

त्या हातानं दांडा धरला नाही. दिग्विजयचं मनगट धरलं.

आणि मला करपल्याचा वास आला.

७

निवेदिताच्या ओरडण्यानं मी जागी झाले. कढईतून काळा धूर निघत होता आणि दिग्विजय दांडा हातात धरून तसाच कलंडला होता. हलवता हलवता त्याला झोप लागली होती. ती त्याला गदागदा हलवत होती. त्यानं डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग कढईकडं. उठला आणि करपलेला थर खरवडायला लागला. मी देवीला हात जोडले.

तेव्हापासून त्याला बरं आहे. दंड दुखत नाही, दोन्ही हातांनी दोन कॅन उचलतो, दुपारी टेकत नाही. डॉक्टरचं औषध लागू पडलं असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते. मला तसंच म्हणायचं होतं.

मग एकदा तो ओसरीवर बसलेला दिसला, एक गुडघा वर घेऊन. डावा तळहात उघडा धरून त्यावर उजव्या अंगठ्यानं काहीतरी मळत होता. मळून झाल्यावर त्यावर थाप मारली, चिमूट उचलली आणि ओठाखाली ठेवली. हातात काहीच नव्हतं. दिग्विजयनं उभ्या जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. मी म्हटलं, बापाला बघून बघून अंगवळणी पडलं असेल. पोरं बापासारखी होतातच की. दिवसभर मी हेच म्हणत राहिले.

काल दुधाचे कॅन उतरवायचे होते. तो अंगणात लाकडं फोडत होता. मी भट्टीतून हाक मारली, दिग्विजय. त्यानं बघितलं नाही. पुन्हा मारली, घसा फोडून. कुऱ्हाड आपली चालूच. मी पदर नाकाला लावून बघितला. दुधाचा वास होता. मी जागी होते.

मग मी नाव घेतलं. इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही. रामकिसन.

कुऱ्हाड थांबली. "आलो, आलो," असा आवाज आला.

मी कॅन तिथंच टाकून खोलीत गेले आणि दाराला कडी घातली. गुडघ्यात डोकं घालून बसले. किती वेळ बसले कोण जाणे, डोळा लागला. मी दिग्विजयला हाक मारली. वाफेपलीकडं कुणीतरी होतं. लांब, पार लांब, पण तो गोडसर वास आला. "आई," म्हणाला, "आता मला कोण बोलवंल?"

मी बोलवेन. त्याच्यासाठीच हे सगळं मी डोकं ठिकाणावर ठेवून आठवते आहे. झोपलेलं माणूस तेवढं हाकेला येतं, हे आता मला कळलं आहे. जे येत नव्हते ते जागे होते, बाकी काही नाही. तर पोराच्या अंगातल्या ह्यांना एकदा झोप लागू दे. मी तिथं हाक मारीन, हे आले की दांडा ह्यांच्या हातात देईन आणि माझं पोर मोकळं करून आणीन. खाटेवरनं उठायचं कसं ते बघू. सरपटत जाईन.

आज सकाळी निवेदिता भाकरी थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्याला झोप नीट लागते ना गं आता?

"कुठली झोप, आत्या," ती म्हणाली. "उताणे पडून नुसते आढ्याकडं बघत असतात. मी म्हटलं डोळे तरी मिटा. म्हणतात, आता झोपायचं न्हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि ताट वाढलं. मग दारात जाऊन उभी राहिली. अंगणात तो आमच्याकडं पाठ करून बसला होता. मी वाट बघत होते की ही आता नेहमीसारखी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडेल. मला तेवढं एकदा ऐकायचं होतं.

तिनं खाली बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, जेवायला या."